कमरेला लागेल असं चाक

गिरधरला मी मूर्ख म्हणणार नाही. मूर्ख माणूस निदान दुसऱ्याचं ऐकून तरी घेतो. गिरधर आधी "बरोबर शे" म्हणायचा, मग मान डोलवायचा आणि मग मनात असेल तेच करायचा. तो माझा साडू. त्याची मंदाबाई आणि माझी सुनंदाबाई सख्ख्या बहिणी, त्यामुळे त्याचे पराक्रम मला धुळ्याला घरबसल्या कळायचे आणि त्यातले बरेचसे निस्तरावेही लागायचे. मी एस.टी.च्या डेपोत टायर विभागात होतो. बावीस वर्षं चाकं काढली आणि चाकं बसवली. नातेवाइकांत असा एक माणूस असला की त्याची सुट्टी स्वतःची राहत नाही.

जळगावजवळ असोद्याला गिरधरची चार एकर केळी होती, पण गाव त्याला ओळखायचं ते गाडीमुळे. लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी जीप त्याने घेतली होती आणि मागचं छप्पर कापून तिला लोखंडी हौदा बसवला होता. पावसाळ्यात तिकडच्या काळ्या मातीत ट्रक शिरत नाही. व्यापाऱ्याचा ट्रक डांबरी सडकेवर उभा राहणार आणि शेतात कापलेला माल तिथपर्यंत गिरधर पोचवणार, असा दहा-बारा वर्षांचा शिरस्ता. गिरधरभाऊची गाडी मोकळी आहे का, हे विचारल्याशिवाय शिवारात कोणी घडाला विळा लावत नव्हतं. एवढा मान पचवायला पोट लागतं. गिरधरला पोट होतं, पण ते वेगळ्या कामाचं.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात ही गाडी एकदा नाल्याकाठी रुतली. गावातल्या लोटनने नवा ट्रॅक्टर घेतला होता. तो आला, साखळी लावली, गाडी ओढून काढली आणि निघून गेला. हसला नाही, बोलला नाही, चहालाही थांबला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर गिरधर ते विसरला असता. पण लोटन गप्प गेला आणि गिरधरला वर्षभर झोप लागली नाही.

मग त्याने गाडी उंच करायला घेतली. जळगावच्या एका लोहाराकडून स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालून घेतले आणि गाडी चांगली वीतभर वर उचलली. वर गेल्यावर तिची चाकं खाली लहानशी दिसायला लागली. थोराड म्हशीला शेळीचे पाय लावावेत तसं ते ध्यान दिसत होतं, हे मी त्याच्या तोंडावर म्हणालो. त्याला वाटलं, मी मोठ्या चाकांची शिफारस करतोय.

अठ्ठ्याऐंशीच्या वैशाखात तो टायर घ्यायला धुळ्याला आला. मी त्याला रीतसर समजावलं. सहाशे-सोळा नंबरच्या टायरच्या जागी फार तर सातशे-सोळा घाल, त्यापुढे जाऊ नको. काळ्या मातीत अरुंद चाक चिखल कापून खालच्या टणक थराला लागतं, रुंद चाक वरच माती गोळा करत बसतं. चाक मोठं झालं की इंजिनाला ओझं, ब्रेकला ओझं, वळताना ते मडगार्डला घासणार. मी कागदावर आकृती काढून दाखवली. तो कागद त्याने नीट घडी घालून खिशात ठेवला आणि नंतर त्यात तंबाखू बांधली.

मोडीत निघालेल्या ट्रकांची चाकं विकणारा एक जण आग्रा रोडला होता, त्याच्याकडे आम्ही गेलो. तिथे गिरधरने टायर कसे निवडले हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. बैलबाजारात निवडतात तसे. आधी दहा पावलं मागे जाऊन उंची बघितली. मग जवळ येऊन थाप मारली. मग दात बघावेत तसं नक्षीत बोट घालून बघितलं. नंबर एकदाही वाचला नाही. भाव ठरवायची वेळ आली तेव्हा या गृहस्थाने बैलाचा गुपचूप सौदा करतात तसा खांद्यावरचा पंचा विक्रेत्याच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्याची बोटं दाबायला लागला. तो बिचारा पंजाबी माणूस, त्याला वाटलं याला फिट आली. मी लाजेने दुसरीकडे बघत उभा राहिलो.

गिरधर नऊशे-सोळाच्या चाकाशेजारी ताठ उभा राहिला. चाकाची कड त्याच्या करदोड्याला टेकली.

"साडूभाऊ, चाक कसं कमरेले लागलं पाह्यजे," तो म्हणाला. "लोटनचं मागचं चाक छातीले लागतं."

म्हणजे टायर मातीसाठी नव्हता, लोटनसाठी होता. मी तिथेच हात झटकून घरी जायला हवं होतं. गेलो नाही. उलट रविवार घालवून त्या चाकांना बसतील अशा डिस्का शोधल्या, मडगार्डं कापली आणि चारही चाकं माझ्या हाताने बसवून दिली. दुसऱ्याने अडाण्यासारखी बसवण्यापेक्षा मीच बसवलेली बरी, अशी माझी समजूत. सुनंदाबाई म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मला वाटलं, ती गिरधरला म्हणतेय.

गाडी असोद्याला गेली. पहिले आठ दिवस गिरधर काही काम नसताना गावातून फिरला. वळण घ्यायला त्याला पूर्ण चौक लागायचा. मंदाबाईला गाडीत बसायला उपडी बादली ठेवावी लागे. त्या बादलीसकट ती एकदा पडली, तेव्हापासून ती एस.टी.ने जायला लागली. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पाऊस सुरू झाला, केळी कापायला आली आणि गाडीला खरं काम पडलं.

केळीचा घड गाडीत कसा चढतो, हे इथे सांगितलं पाहिजे. चोपड्याच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याहून, गुंताबाईची आठ बायांची टोळी दरवर्षी असोद्याला यायची. घड कापला की बाई तो डोक्यावरच्या चुंबळीवर घेते आणि बांधापर्यंत चालत येते. गिरधरच्या जुन्या गाडीची कड या बायांच्या खांद्याला लागायची. बाई गाडीला पाठ द्यायची, मान जराशी मागे कलवायची आणि घड हौद्यातल्या केळीच्या पानांवर अलगद उतरायचा. हात लावायचा नाही, कोणी उचलून घ्यायचा नाही. फळाला ओरखडा म्हणून नसायचा. ओरखडा पडला की तिथे काळा डाग धरतो आणि व्यापारी तो घड बाजूला काढतो. म्हणून लोक गिरधरला बोलावत. त्याला मात्र वाटायचं, चाकांच्या जोरावर बोलावतात.

आता गाडीची कड गुंताबाईच्या डोक्याच्या वर गेली. मागचा फाळका उघडावा तर तो गिरधरने घड घसरू नयेत म्हणून कधीच वेल्ड करून टाकलेला. एका घडाला दोन बाया खालून आणि एक बाई वरून, अशी ओढाताण सुरू झाली. फळं घासली, डाग पडले, बायांची मजुरी घडामागे असल्यामुळे ती अर्ध्यावर आली. गुंताबाईने त्याला एकदाच सांगितलं.

"गाडी उच्ची व्हयनी भाऊ, आमन्या माना तेवढ्याच शेतस."

गिरधर "बरोबर शे" म्हणाला आणि मान डोलावली. पंधरा दिवसांत टोळी लोटनकडे गेली. त्याच्या ट्रॉलीची कड बायांच्या खांद्याला लागत होती. टोळी जिकडे, तिकडे शेतकरी. एक भागाबाई तेवढी राहिली. ही विधवा बाई गिरधरला दरवर्षी राखी बांधायची. नाल्याकाठी तिची दोन एकर केळी होती आणि वर्षाचं सगळं त्यावरच होतं. ती म्हणाली, माझा माल माझा भाऊच नेईल. तिच्या शब्दाखातर गुंताबाईची टोळीसुद्धा त्या एका दिवसापुरती परत यायला तयार झाली. तीनशे घड होते. ट्रक दिवस मावळायला निघणार होता. गिरधरने तिला शब्द दिला.

मी त्या दिवशी तिथेच होतो. ब्रेक लागत नाहीत म्हणून त्याने मला बोलावून घेतलं होतं. सकाळी शेतावर गेलो तर दोन गडी खड्डा खणत होते. विचारलं, हा कशासाठी? गिरधर असा हसला की जणू त्याला आता कुठे चाकाचा शोध लागलाय. गाडी उंच आहे ना, मग ती खड्ड्यात उभी करायची. कड आपोआप बायांच्या खांद्याला येते. बाहेर पडायला पुढून उतार ठेवला की झालं.

माणसाने चिखलातून वर राहायला गाडी फूटभर उंच केली आणि मग तीच गाडी फूटभर जमिनीत पुरली. मी डोकं धरून बांधावर बसलो. पण खरं सांगतो, दुपारपर्यंत ते जमलं, एक खेप सडकेवर पोचलीसुद्धा. बाया येत होत्या, माना कलत होत्या, घड पानांवर उतरत होते. भागाबाई एकेक घड मोजत होती. गिरधर अधूनमधून माझ्याकडे बघत होता, आणि मला उगाच आकृतीचा तो कागद आठवत होता.

तीनच्या सुमाराला सर आली. अर्ध्या तासाचीच होती, पण नाल्याकाठची जमीन आणि वर हाताने खणलेला खड्डा. पाणी तिथे नाही जाणार तर कुठे जाणार? गिरधरने गाडी सुरू केली. रुंद चाकांची नक्षी पहिल्या फेऱ्यातच मातीने लिंपून गेली. चारही चाकं गुळगुळीत झाली आणि जागच्या जागी फिरायला लागली. फांद्या घातल्या, पोती घातली, मी जॅक लावला तर जॅकच मातीत गेला. लोटनला निरोप पाठवला, पण ट्रॅक्टर पलीकडच्या शिवारात होता.

शेवटी गुंताबाईने कोणालाही न विचारता हौद्यातला घड खाली ओढला, डोक्यावर घेतला आणि सडकेकडे चालायला लागली. मैलभर चिखल. तिच्यामागे बाकीच्या सात. भागाबाईने घेतला. मीही घेतला, पण दोन खेपांनंतर बांधावर बसलो. गिरधरने गाडी बंद केली. मग उतरला, पंच्याची चुंबळ केली आणि आयुष्यात पहिल्यांदाच केळीचा घड डोक्यावर घेतला. चार खेपा केल्या. त्या वेळी मला त्याची खूप दया आली, हे मी कबूल करतो.

दिवस मावळला तेव्हा एकशे दहा घड ट्रकमध्ये होते. ड्रायव्हरने जास्तीचा अर्धा तास थांबून बघितलं आणि तो गेला. उरलेले एकशे नव्वद बांधावर पडून राहिले. चार दिवसांत ते पिवळे झाले, सहाव्या दिवशी काळे. भागाबाई भांडली नाही. पुढच्या श्रावणात तिने गिरधरला राखीही बांधली. पण तिच्या बांधावर ट्रॉली लोटनची उभी होती.

गिरधरवर हसण्याचा मला हक्क आहे, असं मी बरीच वर्षं समजत होतो. नंतर नंतर ते कठीण झालं. बावीस वर्षांचा टायरवाला मी. डिस्क मोजली, मडगार्ड मोजलं, इंजिन आणि ब्रेक सांगितले. गुंताबाई गाडीत घड कसा टाकते, हे माझ्या आकृतीत कुठेच नव्हतं. त्याने लोटनकडे बघून चाक निवडलं, मी पुस्तकात बघून. तिच्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

गाडी खड्ड्यात रुतली त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर गिरधरने मला पुन्हा बोलावलं. ठोकळे काढले, जुनी चाकं चढवली. मग तो गुंताबाईला घेऊन आला आणि एक घड देऊन तिला गाडीशेजारी उभं केलं. मी पाट्यांखाली एकेक पत्रा कमीजास्त करत होतो, तो वाकून कड आणि खांदा बघत होता. शेवटी तिने मान कलवली आणि घड आत उतरला, आवाजसुद्धा झाला नाही. गिरधरने विचारलं, आता कशी आहे?

गुंताबाईने चुंबळ सोडून झटकली.

"आते बराबर शे भाऊ," ती म्हणाली. "पन आम्ही आते लोटनभाऊकडे जातस."