वकीलबाईंचा दीडपट वाटा

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी वकीलबाई कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या साहेबाला फैलावर घ्यायच्या. त्याचा पगार पेपरात छापून आलेला असायचा. "एवढा पगार? ह्याला काय चार पोटं आहेत?" बाकीच्या पाचजणी चवीने ऐकायच्या. वकीलबाई हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

इस्पितळाच्या चादरी धुणारी ती लाँड्री. जुन्या मालकाने थकून ती तिथे काम करणाऱ्या ह्या सहाजणींच्या हाती सोपवली, तेव्हापासून नफ्याचे सहा सारखे वाटे व्हायचे. कोणीतरी प्रमुख हवं म्हणून त्यांनी वकीलबाईंना पुढे केलं. "पण माझाही वाटा सारखाच हं," असं त्यांनी स्वतःच बजावलं होतं.

मग त्यांनी एका हॉटेलचं काम आणलं. सगळ्यांचे वाटे वाढले आणि वकीलबाईंची झोप उडाली. टेबलक्लॉथवरचा डाग निघाला नाही, फोन त्यांना. मशीन अडलं, हाक त्यांना.

"अगं, आंघोळीलाही फोन घेऊन?" नवरा म्हणाला. "तू तर त्या साहेबांच्या वरताण झालीस."

"पगार सोडून," त्या फणकारल्या.

वाटा वाढवून मागायचा तर होता, पण कोणत्या तोंडाने?

सहाजणींतल्याच एक असलेल्या आपल्या धाकट्या जावेबरोबर चादरींच्या घड्या घालताना त्यांनी विषय काढला. दोघींनी दोन बाजूंची टोकं धरून लांब उभं राहायचं, जवळ येऊन टोकं जुळवायची आणि तेवढ्यात हळूच बोलून घ्यायचं, ही तिथली रीतच.

"मला वाटा वाढवून हवाय," टोकं जुळवताना त्या पुटपुटल्या.

जाऊ मागे गेली, घडी ताणली, परत आली. "किती?"

"दीडपट."

जावेला असं हसू फुटलं की टोकं सुटली आणि धुतलेली चादर ओल्या फरशीवर पडली. "ताई, तुम्ही? ऐकलंत का गं सगळ्यांनी? आपल्याकडे साहेब आलेत!"

वकीलबाईंचे कान लाल झाले, पण त्या हटल्या नाहीत. "हसा. हॉटेल मी आणलं की नाही? डोकं माझं तापतं."

"आणि माझं अंग भाजून निघतं, त्याचं काय?" इस्त्रीवरच्या काकू म्हणाल्या. "शिवाय उद्या हॉटेल गेलं तर?"

"तर आधी माझा वाटा कापा. तोट्यातही पगार वाढवून घ्यायला मी काय पेपरातला साहेब आहे?"

हे मात्र पटलं. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं.

"दिला," काकू म्हणाल्या. "पण दीडपटीच्या वर नाही. आणखी हवं असेल तर नफा वाढव, म्हणजे आमचंही भलं. आता माझं बोल. इस्त्रीला सव्वापट!"

"मग मलाही! धुण्याच्या सोड्याने हात सोलवटतात ते माझे!" धुलाईवरची ओरडली. एकच गलका झाला.

चादर पुन्हा मशीनमध्ये टाकत जाऊ म्हणाली, "ताई, द्या दीडपटीचा पहिला निकाल."

वकीलबाईंनी जरा विचार केला. "सव्वापट कोणालाच नाही. पण इस्त्री आणि धुलाई, दोन्हीकडे सगळ्यांनी आळीपाळीने उभं राहायचं."

"सगळ्यांनी म्हणजे?" काकूंनी इस्त्री त्यांच्यापुढे धरली.

"सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी." वकीलबाईंनी बाह्या वर केल्या.

काकू पंख्याखाली पाय पसरून बसल्या. "कोपरे नीट काढा हं, साहेब."