सोमवारचा दम

अंदमानला जायचं ठरलं ते माझ्या नोकरीमुळे. मी इंदूरच्या टेलिफोन खात्यात क्लार्क होते. केंद्र सरकारच्या नोकरांना काही वर्षांतून एकदा देशात कुठेही फिरून यायचं भाडं मिळतं, आणि आईवडील आपल्यावर अवलंबून असले तर त्यांचंही मिळतं. बाबा माझ्यावर अवलंबून आहेत असं मला लिहून द्यायचं होतं. त्यांनी तो कागद हातात घेतला, 'आश्रित' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "लिही बेटा. खोटं थोडंच आहे?"

परदेशीपुऱ्याकडची त्यांची कापडमिल तेव्हा बंद झालेली होती. आधी रात्रपाळी गेली, मग दुसरी पाळी, आणि एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. पीथमपूरला नवे कारखाने निघत होते, पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला तिथं कोण घेणार? बाबा एका मॅरेज गार्डनवर चौकीदार म्हणून लागले. माझे आजोबा महूच्या पलटणीत होते, त्यांचा वर्दीतला फोटो आमच्या बैठकीत होता. चौकीदाराची खाकी घालून निघताना बाबा त्या फोटोकडे बघायचे नाहीत. पुढे लग्नातल्या जनरेटरच्या धुरानं त्यांना दम लागायला लागला आणि ती नोकरीही सुटली.

दम तसा जुनाच होता. मिलच्या दवाखान्यातले डॉक्टर वर्षानुवर्षं एकच सांगत आले, बीडी सोडा. बाबांनी बीडी सोडली, दम सुटला नाही. आई मात्र विसरायला तयार नव्हती. बाबा खोकले की ती आतून म्हणायची, "तेव्हाच ऐकलं असतं तर?" चूक आपलीच आहे हे बाबांनी मान्य करून टाकलं होतं.

आमच्या ऑफिसात पुण्याहून बदलून आलेले एक इंजिनिअर होते. ते आणि त्यांची बायको अंदमानला निघाले होते. इंजिनिअरसाहेबांना पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायचं वेड होतं. "तुम्ही पण चला, काका-काकूंना सोबत होईल," असं त्यांनी म्हटलं आणि मी घरी विषय काढला.

"समुंदर कशाला? बिलावली तलाव आहे नं इथं," बाबा म्हणाले. पण आईनं कधीच समुद्र पाहिला नव्हता. तिनं त्याच संध्याकाळी जुनी होल्डॉल उन्हात टाकायला काढली, आणि जाणं पक्कं झालं.

मद्रासपासून जहाजाचा प्रवास तीन दिवसांचा होता. आई बहुतेक वेळ डोकं धरून पडून होती. बाबा डेकवर बसायचे. तिथं त्यांना बरं वाटत होतं. एका दुपारी इंजिनिअरसाहेब त्यांच्याशेजारी बसले. बोलता बोलता मिलचा विषय निघाला.

"खरं सांगू का काका," साहेब म्हणाले, "त्या मिल्स आधीच बंद व्हायला हव्या होत्या. किती जुनी यंत्रं, किती तोटा! आता बाजार खुला झालाय. ज्याच्यात दम असेल तो टिकेल."

माणूस वाईट नव्हता. पेपरात रोज येत होतं तेच तो बोलत होता. बाबा म्हणाले, "बरोबर आहे साहेब. मशीन जुनीच होती. आम्हीच चालवत होतो नं." आणि उठून डेकच्या दुसऱ्या बाजूला गेले.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर दोन दिवसांनी आम्ही इतर प्रवाशांबरोबर मोठ्या बोटीनं एका छोट्या बेटावर गेलो. तिथं वस्ती नव्हती. पांढरी वाळू, पाण्यावर वाकलेली झाडं, आणि किनाऱ्यापासून हाताच्या अंतरावर इतकं स्वच्छ पाणी की आई आधी त्यात पाय टाकायलाच तयार होईना. मग तिनं लुगड्याचा काठ वर खोचला आणि ती गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. तिनं ओटीत शिंपले गोळा केले. इथून काही न्यायचं नाही असं वनखात्याच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, तेव्हा तिनं ते एकेक करून परत वाळूत ठेवले.

इंजिनिअरसाहेब त्या दिवशी दुसऱ्या बेटावर टाकी बांधून उतरायला गेले होते. इथं डोळ्यांवर काचेचा मास्क आणि तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगायचं एवढंच होतं. नळीचं टोक वर राहतं, त्यातून श्वास घ्यायचा. लोक तसे तरंगत होते आणि डोकं वर काढून ओरडत होते, "अरे, इधर देखो, इधर!" बाबा वाळूत बसून त्यांच्याकडे बघत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मी जाऊ का?"

"वेड लागलंय का तुम्हाला?" आई म्हणाली. "चार पायऱ्या चढून धाप लागते."

"इथं कुठं पायऱ्या आहेत? लहानपणी महूला गंभीर नदीच्या डोहात दिवस दिवस पडून असायचो मी." मग ते माझ्याकडे वळले. "बोल, जाऊ का?"

मी हो म्हटलं. मिल बंद झाल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. आज कुणी पुन्हा विचारलं तरी मी हो म्हणेन.

लोकांना पाण्यात फिरवून आणणारा होडीवाला बाबांच्याच वयाचा होता. "भाईसाब, तैरना आता है?" त्यानं विचारलं.

"आता था," बाबा म्हणाले.

होडीवाल्यानं आम्हा दोघांना एक मोठी रबरी ट्यूब धरायला दिली आणि स्वतः तिची दोरी धरून पोहत पुढे निघाला. मला पोहता येत नाही, मी फक्त ट्यूब घट्ट धरून तोंड पाण्यात घातलं. खाली प्रवाळ होतं. तपकिरी, फिकट जांभळं, काही हरणाच्या शिंगांसारखं. त्याच्यातून बोटभर लांबीचे निळे मासे एकदम वळायचे आणि एकदम थांबायचे. एक मोठा पिवळा मासा बाबांच्या तोंडासमोर आला. मला त्यांचा हात दिसला. ते त्या माशाकडे बोट दाखवत होते, मला दिसावा म्हणून.

मग तो हात आखडला. मी डोकं वर काढलं तर बाबांनी मास्क ओरबाडून काढला होता. तोंड उघडं होतं, पण श्वास आत जात नव्हता. फक्त आवाज येत होता, लाकूड घासल्यासारखा. "भाईसाब! भाईसाब, मुझे पकड़ो!" होडीवाला ओरडला. त्यानं त्यांना काखेत धरून किनाऱ्यावर ओढलं. वाळूत टेकवून बसवलं तेव्हा त्यांचे ओठ जांभळे पडले होते.

बेटावर डॉक्टर नव्हता. सगळ्यांना घेऊन आलेली मोठी बोट दुपारी ठरलेल्या वेळीच सुटणार होती. होडीवाल्यानं कुणाला विचारलं नाही, आपल्या छोट्या इंजिनच्या होडीत आम्हाला घातलं आणि होडी सोडली. बाबांना आडवं होता येत नव्हतं, आई पाठीमागून त्यांना टेकण देऊन बसली. लाट आली की तिघंही भिजत होतो. आई एकच वाक्य म्हणत होती, "बीडी, बीडीनं खाल्लं तुम्हाला." बाबांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला कळलं नाही.

पोर्ट ब्लेअरच्या दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत रंग परत आला. कॉटशेजारचा सिलिंडर बघून ते हळूच म्हणाले, "साहेबासारखी माझी पण टाकी आली." आई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. पिकलेल्या केसांच्या, तमिळ वळणाचं हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी छाती ऐकली, एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरून बघितला आणि विचारलं, "काम क्या करते थे?"

"मिल में था, मॅडम."

"कौन सा खाता?"

"कार्डिंग."

बाई खुर्ची ओढून बसल्या. कार्डिंग म्हणजे जिथं कापूस पिंजून विंचरतात ते खातं. तिथं हवेत रुईचं इतकं भुसकट असतं की समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसतो. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या. आमच्या जातीच्या लोकांना जुन्या काळी मिलमध्ये विणाईवर घेत नसत, कारण तिथं मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागे, आणि आमच्या तोंडचा धोटा दुसऱ्यांना चालत नसे. कार्डिंगमध्ये मात्र कुणीही चालायचं. बाबा लागले तोवर कायदे बदलले होते, पण बाप ज्या खात्यात तिथंच मुलगा, भाऊ ज्या खात्यात तिथंच भाऊ, असं चालूच होतं. बाबांना त्यांच्या मामानं लावलं होतं.

"एक बात बताइए," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोमवार को ज़्यादा होता था? छुट्टी के बाद?"

बाबा कॉटवर पुढे सरकले. "आपको कैसे मालूम?"

उत्तर आईनं दिलं, मराठीतच. "सोमवारी हे जेवायचेच नाहीत. छातीवर दगड ठेवलाय म्हणायचे. मला वाटायचं, रविवारी बीड्या जास्त होतात."

मी हिंदीतून बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांचं शिक्षण एका कापडमिलच्या गावात झालं होतं, अशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली. हा रुईच्या धुळीचा आजार आहे. सुरुवातीला सुट्टीनंतर कामावर गेलं की छाती आवळते, पुढे रोजच आवळते. बीडीनं भर पडते, पण मूळ ती नाही. वेळेवर खातं बदललं असतं तर इतकं झालं नसतं. आजाराला नाव आहे, कायद्यातही त्याची नोंद आहे. "मिल के डॉक्टर ने कभी नहीं बताया?" त्यांनी विचारलं.

"बीड़ी छोड़ो, बोले थे," बाबा म्हणाले.

बाई गेल्या. मग आई कॉटच्या लोखंडी दांडीला धरून रडायला लागली. "मी उगाच बोलत आले तुम्हाला. इतकी वर्षं उगाच."

"तुला कोण सांगणार होतं?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण चेहरा मी पूर्वी पाहिलेला नव्हता. कुलूप लागलं त्या दिवशीही ते इतके संतापलेले दिसले नव्हते.

परतीच्या जहाजाआधी इंजिनिअरसाहेब बायकोला घेऊन भेटायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते कॉटशेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "काका, मला हे माहीत नव्हतं."

"आम्हाला कुठं माहीत होतं साहेब?" बाबा म्हणाले. "खाली काय काय बघितलं तुम्ही?" साहेबांनी एकदोन माशांची नावं सांगितली. ते गेले, आणि आम्ही पुढच्या जहाजानं परतलो.

इंदूरला आल्यावर बाबांनी डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद खिशात घातला आणि ते कार्डिंगमधल्या जुन्या सोबत्यांना शोधत फिरायला लागले. कुणी भाजीचा ठेला लावत होता, कुणी ऑटो चालवत होता, काही आधीच गेले होते. बाबा दर चौकात थांबून श्वास घेत आणि पुढे जात. एकजण तोंडावर म्हणाला, "भिया, अब जान के क्या करना? मरना तो है ही." तिघे मात्र तपासणीला तयार झाले. सरकारी दवाखान्यात फुंकायच्या मशीननं तिघांची छाती तपासली. तिघांचंही तेच निघालं.

मग ते चौघं नुकसानभरपाई मागायला कामगार खात्याच्या ऑफिसात गेले. मी सोबत होते. तिथला बाबू वाईट बोलला नाही. तो म्हणाला, मिल चालू असताना यायला हवं होतं. आता मिल बंद, मालक हात झटकून बसलेले, मिलचा दवाखानाही बंद. हा आजार मिलमध्येच झाला हे सांगणार कोण, आणि सांगायचं कुणाला? बाबा म्हणाले, "आम्ही चौघं सांगतो नं." बाबूनं पुढची तारीख दिली. मग आणखी एक दिली. दोन जिने चढून वर जायचं असे. बाबा पहिल्या जिन्यावर बसत, बाकीचे वर जाऊन येत.

पुढल्या हिवाळ्यात बाबा गेले. दुपारची वेळ होती. आडवं होता येत नव्हतं म्हणून ते पलंगावर उशांना टेकून बसलेले होते. आई पाणी घेऊन आली आणि तिला वाटलं, डोळा लागलाय.

विहारातले लोक आले, त्रिशरण झालं. कार्डिंगमधले ते तिघे भिंतीला टेकून उभे होते, थंडीनं तिघांचाही श्वास वाजत होता. सगळं आटोपल्यावर त्यांच्यातला सर्वांत धाकटा, जो ऑटो चालवायचा, आईसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "भाभी, भिया का वो कागज़ मुझे दे दो. अगली तारीख पे मैं जाऊँगा."

आईनं दिला. तो दोन वर्षं तारखांना जात राहिला. मग त्यालाही जिना चढवेना, आणि एका उन्हाळ्यात तोही गेला. त्याच्यानंतर त्या ऑफिसात आमच्यापैकी कुणी गेलं नाही.