लाडक्याला सुई नको

माझी मुलगी आणि धाकट्या जावेचा मुलगा दोन महिन्यांच्या अंतराने झाले. अंबरनाथ पूर्वेला आमचं एकत्र घर, छोटा फ्लॅट. त्यात कुणाच्या वाट्याला किती माया येते ते लपत नाही. सासूबाईंची सगळी माया नातवाकडे. मी जळायचे. खोटं कशाला बोलू, रोज जळायचे.

लसीच्या दिवशी मी मुलीला घेऊन पालिकेच्या दवाखान्यात जायचे. घरी येईपर्यंत तिची मांडी टम्म सुजायची, अंग तापायचं. ती किंचाळली की सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. "पोरीच्या जातीला सोसायची सवय हवी." नातवाला मात्र पहिल्या सुईनंतर ताप आला आणि त्यांनी दिवसभर तोंडात अन्नाचा कण घेतला नाही. "माझ्या राजाला परत टोचायचं नाही," असा हुकूमच सुटला. जाऊ गरीब स्वभावाची, तिने तो पाळला.

पोलिओच्या रविवारी मात्र सासूबाई स्वतः त्याला नटवून बूथवर न्यायच्या. तिथे सुई नसते, नुसते दोन थेंब. मग त्याच्या बोटावरची शाई बिल्डिंगभर मिरवायच्या. "झाले याचे सगळे डोस!"

मी एकदा म्हटलं, "आई, हा फक्त पोलिओचा. गोवराची लस वेगळी, ती टोचावीच लागते."

"तुला माझ्या नातवाचं कौतुक बघवत नाही."

ते खरंच होतं, म्हणून मी तो विषय पुन्हा काढला नाही.

दीड वर्षाचा झाला आणि त्याला गोवर निघाला. देवी आली म्हणून सासूबाईंनी दारात कडुलिंबाचा डहाळा टांगला, घरातली फोडणी बंद केली. आम्ही सगळे बिनफोडणीचं वरण गिळत होतो. माझी पोर तापाने फणफणत होती तेव्हा याच घरात भजी तळली गेली होती! पोरगं समोर लालबुंद होऊन पडलंय आणि माझ्या डोक्यात भजी. मुलीला कितीदा ओढून आणलं तरी ती त्याच्याच अंथरुणात जाऊन लोळायची. तिला काही झालं नाही. "हिला बरी देवी शिवत नाही," सासूबाई म्हणाल्या, तेही तक्रारीच्या सुरात.

मग त्याला धाप लागली. न्यूमोनिया. उल्हासनगरला ॲडमिट केलं, ऑक्सिजन लावला. त्यातून तो वाचला, पण त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी डबा घेऊन गेले, मुलगी कडेवर. जाऊ वॉर्डच्या दारापर्यंत आली. डबा घ्यायचं तिला सुचलंच नाही. ती नुसती माझ्या मुलीकडे बघत राहिली.

"तुमचं नशीब चांगलं, ताई," ती म्हणाली. "हिला टोचायला नेताना तुम्हाला कुणी अडवलं नाही."

माझ्या मुलीचा हेवा करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.