डॉक्टरांची गाडी: डोंगरकडा ते अकोला

"जुनी, भरपूर पळालेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार पहिल्यांदाच घेतोय, घ्यावी का?" असं विचारणारे दोन-तीन मेल गेल्या महिन्यात आले. मी अशी गाडी घेतली आहे. २००५ च्या एप्रिलात, हिंगोली जिल्ह्यातून. तेव्हा लिहायचं राहून गेलं, खरं तर लिहायला धीर झाला नाही. आता लिहिते.

मी अकोल्याच्या एका आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. दिवसभर इंजिनं उघडायची आणि घरी लूनावरून यायचं, असं माझं आयुष्य. एके दिवशी पेपरातल्या छोट्या जाहिरातींत चार ओळी दिसल्या: ब्रिटिश बनावटीची, १९७० ची, दोन सीट, कापडी टप, चालू स्थितीत, डोंगरकडा, ता. कळमनुरी. खाली शेजाऱ्यांचा फोन नंबर. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण लिहिलं की कॉमेंटमध्ये जाणकार मंडळी एकमेकांवर तुटून पडतात.

फोनवर एक वयस्कर बाई बोलल्या. गाडी किती चालली, विचारलं तर म्हणाल्या, "सव्वा लाख." पस्तीस वर्षांच्या गाडीला सव्वा लाख म्हणजे फार नाही, असा मी हिशेब केला.

बाबांना सांगितलं. बाबा एसटीच्या वर्कशॉपातून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले.

"काहून पाहिजे तुले ते?" त्यांनी विचारलं.

"एकदा स्वतःच्या गाडीचं इंजिन उघडायचं आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांची पान्यांची पिशवी दारात तयार होती.

अकोल्याहून हिंगोलीला तेव्हा छोट्या रुळांची गाडी जायची. तिकीट स्वस्त, वेग त्याहून कमी. वाशीम सोडल्यावर दोन्ही बाजूंना कापून झालेली रानं आणि पळसाचे शेवटचे लाल ठिपके. हिंगोलीला उतरेपर्यंत दुपार टळली. स्टँडजवळच्या लॉजमध्ये दीडशे रुपयांत दोन खाटांची खोली मिळाली, पंखा चालू, पाणी सकाळी फक्त तासभर.

सकाळच्या एसटीने कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा करत डोंगरकड्याला उतरलो. मोठं गाव आहे. रस्त्यावर केळीची गाडी भरणं चालू होतं. जनावरांच्या डॉक्टरांचं घर विचारलं तर एक माणूस हातातलं काम टाकून दारापर्यंत सोडायला आला. जाहिरातीत डॉक्टरांचा उल्लेख नव्हता, फोनवर बाईंनी तेवढीच खूण सांगितली होती. वाटेत तो एवढंच म्हणाला, "संक्रांतीनंतर गेले डॉक्टर. झोपेतच."

फोनवरच्या बाई, डॉक्टरांच्या पत्नी विमलबाई, पासष्टीच्या असाव्यात. बैठं सिमेंटचं घर, बाजूला पत्र्याची शेड. चहा होईपर्यंत त्यांनी थोडक्यात सांगितलं: डॉक्टरांनी सत्त्याहत्तर साली हैद्राबादला, देश सोडून निघालेल्या एका साहेबाकडून गाडी घेतली. मूलबाळ नाही. त्यांना स्वतःला चालवता येत नाही. गाडी उभी राहून सडेल, म्हणून विकायची.

मग त्यांनी शेडचं दार उघडलं.

मी मासिकांतल्या फोटोंत पाहिलेली गाडी ही नव्हती. म्हणजे आकार तोच, लांब नाक, बुटकी पाठ. पण मूळ हिरव्या रंगावर तीन वेगवेगळे हिरवे रंग. शेजारच्या सीटची गादी काढून तिथे फळी ठोकलेली, फळीला लोखंडी कडी. गालिच्याच्या जागी पोत्याचं तरट आणि सगळीकडे शेळ्यांचे केस. वास असा की बाबांनी खिशातून रुमाल काढला.

"पेशंट आणायचे यातून," विमलबाई म्हणाल्या. "आजारी शेळी चालत कशी येणार?"

मी वाकून काटा पाहिला. सत्तावीस हजार आणि काही.

"तुम्ही तर सव्वा लाख म्हणाला होता."

"हो ना. एकदा पूर्ण फिरून शून्यावर आला. डॉक्टरांनी पेढे वाटले होते त्या दिवशी."

तेव्हा माझं लक्ष काट्याखालच्या बारीक अक्षरांकडे गेलं. तिथे मैल लिहिलं होतं. सव्वा लाख मैल म्हणजे दोन लाख किलोमीटर, आणि तेही कळमनुरी तालुक्याच्या गाडीवाटांवरून. घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: इंग्लंडमधून आलेल्या गाडीचा आकडा आधी कशात आहे ते विचारा, मग भाडं खर्चून निघा. मी बाबांकडे पाहिलं. निघून जावं असं मला वाटत होतं.

बाबा बॉनेटमध्ये डोकं घालून बसले होते. बराच वेळ गेला. फॅन बेल्ट पिठाच्या गिरणीचा, पाण्याची नळी ट्रॅक्टरची, कार्बोरेटरचा एक स्क्रू तर सायकलच्या दुकानातला. पण खालचा पत्रा पान्याने ठोकून पाहिला तर कुठेच पोकळ नाही. तेल स्वच्छ. त्यांनी चोक ओढला, चावी फिरवली, आणि दुसऱ्याच फिरकीला गाडी सुरू झाली. घसा खाकरल्यासारखा जाड, खोल आवाज. तसा आवाज मी तोवर कुठल्याच इंजिनाचा ऐकला नव्हता.

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. "नंदा, हे इंजिन रोज चाललं म्हणून जितं आहे. उभं ठेवलेलं असतं तर मेलं असतं. घेऊन टाक."

पन्नास हजारांत ठरलं. विमलबाईंनी घासाघीस केली नाही, पैसे मोजलेही नाहीत. कागदांवर सह्या झाल्या. आम्ही अकराच्या सुमारास निघालो तेव्हा त्या घरात होत्या. मला ते जरा विचित्र वाटलं.

गादीऐवजी फळीवर बाबा, हातात स्टिअरिंग घेऊन मी. रस्ता इतका जवळून मी कधी पाहिला नव्हता. प्रत्येक खड्डा मणक्यातून कळत होता. तरी तिसऱ्या गिअरला गाडी अशी पुढे झेपावली की मी घाबरून पाय काढला, आणि बाबा हसले. बाबांना हसताना मी फार कमी पाहिलंय.

वारंगा फाटा ओलांडून थोडं पुढे गेलो आणि रस्त्याच्या मधोमध एक बाई दोन्ही हात पसरून उभी दिसली. मी करकचून ब्रेक दाबला. गाडी तिच्यापासून दोन हातांवर थांबली. बाई जागची हलली नाही. मागे निंबाखाली मेंढरांचा कळप, फेटा बांधलेला तिचा नवरा, आणि त्याच्या पायाशी आडवी पडलेली शेळी. डाव्या बाजूने तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं.

"लांबून आवाज आला," बाई धापा टाकत म्हणाली, "म्हनलं डागदरच आले. गव्हाच्या राशीत तोंड घातलंय हिनं. डागदर कुठं हायेत?"

तिचं नाव सोनाबाई, नवऱ्याचं मारोती. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन तिकडे खाली, नदीकाठच्या मुलखात गेलेले ते आदल्याच दिवशी परत आले होते, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की हिला काही माहीत नाही.

मी तोंड उघडलं, तोवर बाबा खाली उतरले होते. त्यांनी शेळीच्या नाकाजवळ हात धरला. "बोलत काय बसता? हे घंटाभर नाही काढणार. बाळापूरला दवाखाना आहे ना?"

दोनच जागा. बाबा मारोतीजवळ निंबाखाली थांबले. सोनाबाईने शेळी उचलून फळीवर ठेवली, दावं त्या लोखंडी कडीला सराईतपणे अडकवलं आणि स्वतः अर्धी फळीवर, अर्धी दारावर टेकून बसली. तिला काही सांगावं लागलं नाही.

आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी पळवली. किती वेगाने, ते सांगता येणार नाही, काट्याकडे पाहायला सवड नव्हती. बैलगाड्या, एक उसाचा ट्रॅक्टर, समोरून अंगावर येणारी एसटी. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. शेळी दर श्वासाला कण्हत होती.

"डागदरला बरं न्हाई का?" सोनाबाईने वाऱ्यात ओरडून विचारलं. "तू त्येंची पुतनी व्हय?"

मी गिअर बदलला. उत्तर दिलं नाही. ते न देणं आजही मला सलतं.

बाळापूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी शेळीच्या डाव्या कुशीत जाड सुई खुपसली. सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी हवा बाहेर पडत राहिली. तोंडातून काही औषध पाजलं. अर्ध्या तासाने शेळी धडपडत उभी राहिली आणि तिने माझ्या ओढणीचं टोक चघळायला घेतलं. सोनाबाई हसली. तिने शेळीच्या कपाळाला कपाळ लावलं.

परतताना मी हळू चालवत होते. ती बोलत होती. पाच वर्षांमागे मेंढरांत लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा डॉक्टर तीन दिवस त्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर राहिले, बाजरीची भाकरी खाल्ली. तिचं धाकटं पोरगं साप चावून बेशुद्ध झालं तेव्हा याच फळीवर त्याला नांदेडला नेलं. "मानसाचा डागदर न्हाई मी, म्हनले, पर गाडी तर हाय."

मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"सोनाबाई, डॉक्टर नाहीत आता. संक्रांतीनंतर गेले. ही गाडी मी आज विकत घेतली."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं तिला समजलंच नाही. मग तिने हळूच फळीवर हात ठेवला, जणू ती फळीच तिला काही सांगणार होती. रडली नाही. म्हणाली, "मंग आमी कुनाच्या गाडीला हात केला?"

मी गाडी सुरू केली.

निंबाखाली पोचलो. मारोतीला तिनेच सांगितलं. त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला आणि खाली बसला. बाबाही त्याच्याजवळ बसले. मग सोनाबाई म्हणाली, "बाई एकल्याच असतील. मला डोंगरकड्याला ने."

मी लगेच हो म्हटलं. त्यात काही चुकीचं असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

दुपारचे तीन वाजले असतील. गावाच्या गल्लीत वळले तेव्हा गाडी दुसऱ्या गिअरला होती, आवाज भिंतींवर आपटून दुप्पट झालेला. घरासमोर आलो, तर विमलबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात वाफाळती बादली, खांद्यावर टॉवेल, आणि दुसऱ्या हातात साबणाची वडी.

त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं. मग स्टिअरिंगमागे बसलेल्या माझ्याकडे.

त्या क्षणाबद्दल मला एवढंच लिहिता येईल: एका बाईचा नवरा दुसऱ्यांदा गेलेला मी तिच्या चेहऱ्यावर पाहिला. आणि ते मी घडवलं होतं.

बादली खाली ठेवताना पाणी हिंदकळून त्यांच्या पायांवर पडलं. "आवाज आला," त्या म्हणाल्या, "आणि हात आपोआप... ते आले की आधी दारातच हातपाय धुवायचे. बंबात पाणी होतंच." सोनाबाई उतरून त्यांच्याजवळ गेली. दोघी तिथेच पायरीवर बसल्या. मी चावी काढली आणि हातात धरून उभी राहिले. मला आत जाववेना, निघून जाववेना.

संध्याकाळच्या एसटीने बाबा आले. मारोतीच्या भावाने मेंढरं आणि शेळी सांभाळायला घेतली होती, म्हणून मारोतीही आला. त्या रात्री विमलबाईंनी आम्हाला जाऊ दिलं नाही. पिठलं-भाकरी केली. मी गाडी परत घ्या म्हणाले. त्या म्हणाल्या, "नाही. तुमचे बाबा म्हणाले ते खरं आहे, उभी राहिली तर मरेल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "एक करा मात्र. उद्या निघताना इथे चालू करू नका. मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलत न्या."

सकाळी तसंच केलं. मी बाहेरून स्टिअरिंग धरलं, मागून बाबा, मारोती आणि शेजारचे दोघे. गल्लीतली माणसं ओट्यांवर उभी राहून बघत होती. एक म्हातारा चप्पल काढून उभा होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावरही बाबा म्हणाले, "अजून थोडं पुढं." वळण ओलांडलं, गाव झाडांआड गेलं, तेव्हा चावी फिरवली.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा कमी. हिंगोलीत पेट्रोल भरलं. कनेरगाव नाक्याच्या धाब्यावर शेवभाजी आणि तंदूर रोटी, दोघांचे सत्तर रुपये, भाजी झणझणीत. वाशीमच्या पुढे गिरणीचा बेल्ट तुटला, बाबांनी पिशवीतला दुसरा बसवला. अकोल्यात शिरलो तेव्हा दिवे लागायचे होते.

त्यानंतर इंजिन मी दोनदा उघडलंय. फळी काढून गादी बसवली, रंग एकसारखा केला. लोक रस्त्यात थांबून बघतात, पोरं मागे धावतात, मलाही गाडी चालवताना अजून पहिल्या दिवसाइतकाच आनंद होतो. तेव्हा मेल करणाऱ्यांना माझं उत्तर: घ्या. जास्त चालली असेल तरी घ्या. फक्त विकणाऱ्याला, गाडी कोण चालवत होतं आणि कुठे, हे नीट बसून विचारा. मी आकडा विचारला होता, माणूस विचारला नव्हता.

विमलबाईंना दिवाळीत पत्र पाठवते, त्यांचं उत्तर येतं. सोनाबाई येऊन-जाऊन असते, असं त्या लिहितात. गाडीबद्दल त्या कधी विचारत नाहीत, मीही लिहीत नाही. मध्यंतरी दोनदा नांदेडला जायचं काम निघालं. रस्ता डोंगरकड्यावरूनच जातो. गाडी नीट चालत होती, टाकी भरलेली होती, गाडीने जायचं का असं बाबांनी विचारलंही. दोन्ही वेळा आम्ही एसटीने गेलो.