बाइंडरांचा उजवा हात

१२ मार्च, गुरुवार. सकाळपासून ऊन. गुडघा बरा. चार वाजता बाइंडर आले. उजवं मनगट बोटभर उचलून दाखवलं.

एवढं लिहून पेन खाली ठेवावं लागलं. अक्षरं दिसेनात.

माझ्या रोजनिशीच्या वह्या बत्तीस वर्षं हेच बांधून देतात. ऑगस्टात शिडीवरून पडले, दंडाचं हाड मोडलं आणि आतला मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी तो जोडला, पण मनगट लोंबतच राहिलं. "तंतू दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो, धीर धरा," म्हणाले. बाइंडरांनी धीर धरला तो आपल्या पद्धतीने. खळ लावलेलं पुस्तक दाबात ठेवलं की त्याला कोणी हात लावायचा नसतो. तसाच त्यांनी हात दोन पुठ्ठ्यांत आवळला आणि दोन महिने हलू दिला नाही. मनगट उचललं नाही, तर दाबयंत्र विकायचं ठरलं होतं.

गुडघ्यासाठी मीही त्याच फिजिओथेरपिस्ट मुलीकडे जाते, म्हणून तिचा संताप स्वतःच्या कानांनी ऐकला.

"काका, हात आहे हा, पुस्तक नव्हे! स्नायूच्या पेशींत बारक्या भट्ट्या असतात, मायटोकॉन्ड्रिया. तंतूकडून हुकूम येईनासा झाला की त्या मंदावतात. ऊर्जा कमी, धूरच जास्त. मग स्नायू झिजतो. तंतू येऊन पोचेल तेव्हा आत कोणी जागं नको?"

"मग बदाम खाऊ का?"

"भट्टीच विझत चाललीय, लाकडं किती कोंबाल?"

"ऐका तिचं," त्यांची बायको म्हणाली. "माझं तर लग्नापासून ऐकलं नाहीत."

मग रोज विजेचे हलके झटके, आणि बायकोने दिवसातून चारदा मनगट वर-खाली करायचं. दर रविवारी मी हाताचा घेर फितीने मोजून लिहीत असे. डिसेंबरभर आकडा उतरत होता. मी तो मोठ्याने वाचणं सोडून दिलं. फेब्रुवारीत उतरायचा थांबला.

आज जाताना म्हणाले, "काकू, दाबयंत्राचं गिऱ्हाईक परत पाठवलं. वहीची किती पानं उरलीत?"

"अकरा."

"पुरवून लिहा. सुई आमची ही ओवेल, धागा मी ओढीन."

देवाचे आभार मानले. त्या मुलीचे, त्या बायकोचे, आणि कुणाला न दिसता धुगधुगत राहिलेल्या भट्ट्यांचेही.

पेन पुन्हा उचलून लिहिलं: दूध उतू गेलं. ओटा दोनदा पुसला.