थोरल्या दिरांबरोबर रेवदंड्याला

कोकण किनाऱ्यावरच्या प्रत्येक तोफेशी घरोबा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे थोरले दीर. नाशकात त्यांचं बियाण्यांचं दुकान होतं. सटाणा-देवळ्याचे शेतकरी कांद्याचं बी न्यायला आले, की बियाबरोबर त्यांना एखाद्या जलदुर्गाच्या तटाची जाडीही कळायची. एकदा देवळ्याचे एक आजोबा वैतागून म्हणाले, "शेठ, तट ऱ्हाऊ द्या, आधी बी द्या." दादांनी बी दिलं, पण तट पुरा करूनच.

दर हिवाळ्यात आठ दिवस दुकान बंद ठेवून ते आणि माझ्या जाऊबाई जुन्या फियाटमधून समुद्राकाठानं हिंडायचे. गाडीत चपलांच्या खोक्यात कॅसेटी असत, सगळं नाट्यसंगीत. त्यांवर गायकाचं नाव नसे. 'घाट', 'खाडीचा पूल', 'समुद्र दिसल्यावर' असं लिहिलेलं असे, आणि ती कॅसेट त्या जागीच लागे. शिवाय तान चालू असताना ब्रेक लावणं हा गाणाऱ्याचा अपमान, असं त्यांचं ठाम मत. जाऊबाई शांतपणे म्हणायच्या, "मला पेणला चहा हवा असला तर मी हमरापुरापासूनच सांगायला लागते. तरी वडखळला मिळतो."

माझ्या लग्नाच्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, त्यांनी आग्रहानं आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं. मी मागच्या सीटवर बसून दोन दिवस नाट्यसंगीत ऐकलं आणि नाक मुरडलं. किल्ल्याच्या दाराशी दादा चपला काढत. गळ्यात दुर्बीण, डोक्याला उपरणं. आत गेल्यावर दिसेल त्याला गोळा करून खणखणीत आवाजात इतिहास सांगत, आणि तोफ उडायची वेळ आली की ती स्वतः तोंडानं उडवत. लोक हसत. मला मान कुठं घालावी कळत नसे.

रेवदंड्याला नेमकी माझी कॉलेजातली मैत्रीण भेटली. मुंबईत दिलेली, नवऱ्याबरोबर आलेली, दोघंही अगदी टापटीप. माझे यजमान आणि जाऊबाई शहाळी आणायला बाहेर गेले होते. पलीकडे बुरुजाखाली दादा अनवाणी उभे राहून चार अनोळखी माणसांपुढे तोफ उडवत होते. मैत्रिणीनं हसू दाबत विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत का गं?"

"छे, आमचे कुणी नाहीत," मी म्हणाले. "असतात एकेक लोक."

मागे वळले तर दादा हाताच्या अंतरावर. आम्हालाही इतिहास सांगायलाच येत असावेत. त्यांनी ऐकलं होतं. हात जोडून मला म्हणाले, "नमस्कार. आपण कुठून आलात?"

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "नाशिकहून."

"अरे वा, लांबून आलात. मग एवढा बुरूज तरी पाहून जा." आणि परक्या बाईला सांगावं तसं त्यांनी मला अदबीनं सगळं सांगितलं. मैत्रीण जाईपर्यंत एकदाही ओळख दिली नाही. गाडीत बसल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. माफी मागायला दोन शब्द लागतात, ते मला दहा वर्षांत जमले नाहीत. पुढे दर हिवाळ्यात ते "येता का?" म्हणून विचारत आणि मी काहीतरी कारण सांगत असे.

मग एकदा जाऊबाईंबरोबर मेथी निवडत बसले असताना धीर करून मी सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. तेव्हाच म्हणाले होते, पोरगी नवी आहे, तिचं काय चुकलं? मीच फार ओरडतो."

त्या हिवाळ्यात मीच हट्टानं बरोबर गेले. दादा थकले होते. किल्ल्यात शिरल्यावर हात मागे बांधून ते जाऊबाईंच्या कानाशी हळू आवाजात काहीतरी सांगत चालले होते. जाऊबाईंना त्याची सवय झालेली दिसली. मी मागून जवळ गेले आणि म्हणाले, "दादा, जरा मोठ्यानं सांगा ना. मलाही ऐकायचंय."

ते ओशाळं हसले. "नको गं," म्हणाले, "आजूबाजूला लोक असतात."

मी सगळीकडे पाहिलं. किल्ल्यात आम्हा तिघांशिवाय कुणीही नव्हतं.