राहिलेल्या दोन पुटांचे ऊन

निघण्याआधी नेहमीप्रमाणे वहीत सामानाची यादी केली. आईचे दोन इनहेलर, औषधांची पिशवी, शेकायची पिशवी, सहा सुती लुगडी. सर्वांत खाली आईने स्वतः सांगून लिहायला लावलेली आमसुलांची बरणी. ती बरणी एसटीच्या डिकीत ठेवायला आई तयार नव्हती. गुहागर ते पुणे, आणि पुण्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुणे ते छत्रपती संभाजीनगर, बरणी तिच्या मांडीवर होती.

मागच्या श्रावणात आईचा दमा असा उफाळला की तिला दवाखान्यात ठेवावे लागले. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी पाऊस लागला की घराच्या भिंती सुकेपर्यंत यांना तिथे ठेवू नका. आपल्याकडच्या जांभ्याच्या भिंती माघापर्यंत ओल सोडत नाहीत, हे वाचकांना सांगायला नको. माझा धाकटा भाऊ संजय संभाजीनगरला गारखेड्यात राहतो. आईला त्याच्याकडे ठेवायचे मी ठरवले. आई ऐकेना. शेवटी तिने अट घातली.

आमसुले करायची म्हणजे रातांब्यांची साले खारवलेल्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. आई अशी सात पुटे देते. यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला आणि काम पाच पुटांवर अडले; अर्धवट आमसुले उरलेल्या रसासकट बरणीत राहिली.

"तुझ्या त्या कोरड्या गावात राहिलेली दोन पुटं वाळली, तर राहीन," आई म्हणाली. "नाही वाळली, तर तुझ्याबरोबर परत."

मी लगेच हो म्हटले. जिथे पाऊस कमी तिथे ऊन जास्त, यात शंका घेण्यासारखे मला काही दिसले नाही.

घाट मागे पडला तसा पाऊस कमी होत गेला. अहिल्यानगरनंतर रस्ता कोरडा ठणठणीत होता. मला हायसे वाटले. आई मात्र खिडकीतून वर बघत होती. आभाळ आपल्याकडच्यासारखेच राखाडी होते, फक्त गळत नव्हते.

संजयची बायको मनीषा पैठणकडच्या शेतकरी घरातली. तिने ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची आमटी) केली होती. आईने दोन घास खाल्ले आणि विचारले, "गच्ची कुठे आहे गो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमसुले बरणीतल्या रसात बुडवून आम्ही सुपांत पसरली, वर जुने पातळ टाकले आणि बसलो. मी वहीत नोंदी सुरू केल्या. पहिला दिवस ढगाळ. दुसरा दिवस ढगाळ, संध्याकाळी भुरभुर (अंगावर कळते पण जमिनीवर दिसत नाही असा पाऊस). तिसऱ्या दिवशी सव्वाअकराला ऊन, चार मिनिटे. मनीषा खालून धावत सुपे सरळ करायला आली, तोवर गेलेसुद्धा.

"बायो, ऊन कुठे लपवून ठेवलंन गो तुझ्या भावाने?" आई मला म्हणाली.

"अहो आई, आमच्या बी माहेरी हीच गत," मनीषा म्हणाली. "मूग पिवळा पडायलाय. पाऊस बी नाय, ऊन बी नाय."

चौथ्या दिवशी तळमजल्यावरचे साळवे सर गच्चीवर आले. निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. सुपात वाकून बघत म्हणाले, "मावशी, ह्ये काय वाळवायलात?"

आईने सांगितले. मग मी त्यांना माझी अडचण विचारली. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस, एरवीही हवा इतकी दमट की घाम सुकत नाही. तरी फाल्गुनापासून वैशाखापर्यंत ऊन असे की अंगणात पाय ठेववत नाही. आणि इथे पाऊस नाही, तरी ऊन नाही. हे कसे?

"पाऊस किती पडतो आणि आभाळ किती दिवस झाकलेलं राहतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी," सर म्हणाले. "ताई, हवेत नुसतं पाणी असून ढग होत नाय. ती हवा वर चढावी लागती. उन्हाळ्यात तुमच्याकडं खाली समुद्राची दमट हवा, पण वरती कोरडी हवा खाली दाबत असती. झाकण घातल्यावानी. वाफ वर जाईना, ढग होईना. मग ऊन लख्ख. घाम येतोय त्यो त्या खालच्या वाफेचा."

"आणि पावसाळ्यात?"

"समुद्रावरून वारा जोरात सुटतो, सह्याद्रीला धडकतो. मग त्याला चढण्यावाचून इलाजच नाय. तुमचा वर्षाचा पाऊस त्या चार महिन्यांत एकदम उरकतो. डोंगर उतरून आमच्याकडं येतं ते रिकामं होऊन येतं. ढग येतात, पण त्यात दम नाय." सर हसले. "लग्न तुमच्याकडं, मांडव आमच्याकडं."

आई हसली नाही. "म्हणजे ऊन आमच्याकडेच होतं," ती म्हणाली.

एवढी साधी गोष्ट मी निघण्याआधी कुणाला विचारली नव्हती.

सहाव्या दिवशी सरांना खुलताबादला काम होते. तिथे उंचावर कदाचित ऊन मिळेल म्हणून मी हट्टाने आईला आणि एका सुपाला त्यांच्या गाडीत बसवले. दौलताबादचा घाट चढताना दोन्ही बाजूंना पेरूवाल्या बसल्या होत्या. वर पोहोचलो तर ढग आणखी जवळ आलेले. दर्ग्याच्या रस्त्याला फुलांच्या चादरी आणि खडीसाखर विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने आईला बसायला स्टूल दिले.

"अम्मा, ये क्या सुखा रहे?"

"आमसुलं. धूप पाहिजे."

"धूप तो मैं भी ढूँढ रहा, अम्मा, आठ दिन से," म्हातारा म्हणाला. "मिली तो पहले मेरेकू बताव. नमी से पूरी दुकान सील रही."

मी सूप त्याच्या फळीच्या कडेला ठेवले आणि पाणी आणायला गेले. तेवढ्यात भुरभुर आली. आई उठली, सूप उचलून पत्र्याखाली ओढू लागली, आणि तेवढ्या श्रमाने तिला धाप लागली. मी परतले तेव्हा म्हातारा तिच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि सर माझ्या पिशवीत इनहेलर शोधत होते. यादीत मी तो 'वरचा कप्पा' असा लिहिला होता. ठेवला होता खालच्या.

औषध ओढल्यावर आईची धाप उतरली आणि आम्ही परत निघालो. अर्धी आमसुले पुन्हा ओली झाली होती.

त्या संध्याकाळी वही उघडून मी दुसरी एक नोंद पाहिली. घरी यंदाच्या आषाढात आईला रोज किती वेळा औषध ओढावे लागे, ते मी लिहीत असे. इथे आल्यापासून खुलताबादची एक वेळ सोडली तर गरज पडली नव्हती. ऊन नव्हते, पण भिंती कोरड्या होत्या. मी ते आकडे आईला दाखवले. तिने चष्मा लावून पाहिले आणि वही मिटून परत दिली.

नवव्या दिवशी माझी रजा संपत होती. मी सकाळी आईची बॅग भरायला घेतली. अट ही अट होती. तेवढ्यात गच्चीवरून तिची हाक आली.

ती सुपाशी बसली होती. एक आमसूल दोन बोटांत धरून म्हणाली, "वाळली हो."

मी हातात घेऊन दाबले. बोटाला जांभळा, चिकट रस लागला.

"दोन्ही पुटं?" मी विचारले.

"दोन्ही. घे, लिही तुझ्या वहीत."

मनीषा दोरीवरचे कपडे उगाच पुन्हा चाचपू लागली. आई माझ्याकडे न बघता उरलेली आमसुले बरणीत भरत होती.

"रातांबे पिकले की न्यायला ये," ती म्हणाली. "तेव्हा तिकडे ऊन असतं. यंदासारखं अर्धं सोडायचं नाही."

मी लिहिले.

परतीच्या एसटीत शेजारची जागा रिकामी होती. घाटाच्या अलीकडेच पाऊस सुरू झाला तो घरापर्यंत. दार उघडले तर आत कोंदट वास, आईच्या खाटेमागच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उंबरठ्यापर्यंत उतरलेला. वर्षातले आठ महिने उन्हाने उजळणारे हे अंगण आज मला कुणाच्या तरी परक्या गावचे वाटले.

आठ दिवसांनी मनीषाचा फोन आला.

"ताई, आईंनी ती आमसुलं रोजच्या आमटीत घालायला लावलीत. दोन्ही वेळेला. लई आंबट होतंय, पोरं जेवंना झालीत. विचारलं तर म्हणत्यात, बुरशी धरायच्या आत संपवा, आणि बायोला सांगू नका."

मी तिला म्हटले, मला सांगितलेस हे आईला कळू देऊ नकोस. मग वही उघडली. 'आमसुले वाळली' ही ओळ मी खोडली नाही.